टीम एका संध्याकाळची नको, पाच हंगामांची करा!



रणजीचा हंगाम जवळ आला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "सर, विदर्भाचा कोणता नवा पोरगा टीममध्ये घ्यावा?" काही जण म्हणतात, धंदा शिकवणाऱ्या माणसाला हे कशाला विचारायचं? मी म्हणतो, जरूर विचारा. मोठं नाव व्हायच्या आधी माणूस ओळखता येणं ही धंद्यातलीच कला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फँटसी टीम करायला माझा विरोध नाही. एका संध्याकाळच्या टीमवर पैसे लावायला आहे. नव्या खेळाडूला ओळखायला हंगाम लागतात, आणि नव्या धंद्यालाही. ज्याला आज लावून आजच रात्री हवं असतं, त्याच्या हाती खेळाडूही लागत नाही आणि धंदाही लागत नाही.

आता सविस्तर बोलू. पोरांची नावंही सांगतो, काळजी करू नका.

हा खेळ मुळात हंगामभराचा होता

१९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या पत्रकाराने आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलची एक कागदावरची लीग काढली. ज्या हॉटेलात ते जेवायला जमायचे, त्यावरून तिचं नाव पडलं रोटिसरी लीग. नियम साधा होता. हंगामाच्या सुरुवातीला खरे खेळाडू वाटून घ्यायचे आणि हंगाम संपेपर्यंत त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मोजायचे. आजच्या सगळ्या फँटसी खेळांची ही आजी म्हणा ना!

तिकडे आजही असे हौशी लोक आहेत, की ज्यांची टीम वर्षानुवर्षं चालते. हे लोक मोठ्या लीगपेक्षा खालच्या लीगकडे जास्त बघतात. अमेरिकेत मोठ्या संघांच्या खाली मायनर लीग असते, तिचे टप्पे असतात, आणि तिथे एकोणीस-वीस वर्षांची पोरं घडत असतात. त्यातला एखादा आज हेरायचा, आपल्या यादीत ठेवायचा आणि तीन-चार वर्षं वाट बघायची. तो मोठ्या लीगमध्ये आला की मग मजा!

आपल्याकडे हाच खेळ ॲपवर आला आणि त्याचा एका संध्याकाळचा खेळ झाला. सात वाजता टीम लावा, अकरा वाजता निकाल बघा. खेळाडूला ओळखायला वेळच उरला नाही. ज्याचं नाव कालच्या बातमीत, तो आजच्या टीममध्ये. याला पारख म्हणत नाहीत गड्या, याला गर्दी म्हणतात.

एकोणपन्नास रुपयांचा हिशेब

फँटसी क्रिकेट हा कौशल्याचा खेळ आहे असं पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं होतं. कौशल्य लागतं, हे मलाही मान्य आहे. पण धंदेवाल्याने पुढचा प्रश्न विचारायचा असतो. कौशल्य माझं, पण नफा कोणाचा?

आयपीएलच्या एका हंगामात ७४ सामने. प्रत्येक सामन्याला फक्त ४९ रुपये लावले, तरी ७४ गुणिले ४९ म्हणजे ३,६२६ रुपये. जमा झालेल्या पैशातून ॲप आपला वाटा आधी काढून घेणार, आणि उरलेलं बक्षिसात वाटलं जाणार. म्हणजे सगळ्या खेळणाऱ्यांचा हिशेब एकत्र मांडला, तर तो तोट्यातच असणार. एखादा जिंकतो, त्याचा फोटो फिरतो. हरलेल्यांचे फोटो कोणी फिरवत नाही. त्यात एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापला जाऊ लागला, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. ज्या धंद्यात असं गणित असेल, त्यात तुम्ही भांडवल घालाल का? नाही ना? मग खेळ म्हटल्यावर का घालता?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि मोठ्या ॲपनी पैशाच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला नाही. पण कोणी परदेशी ॲपची लिंक पाठवली, "टीम विकत घ्या, जिंकायची गॅरंटी" म्हणून मेसेज केला, तर शिक्षा नाही म्हणून हात घालू नका. गेलेले पैसे मागायला तुम्ही कोणाच्या दारात जाणार?

एक गंमत सांगतो. ड्रीम इलेव्हन सुरू झालं २००८ मध्ये, मुंबईत. त्या कंपनीचं मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेलं २०१९ मध्ये. म्हणजे ॲप काढणाऱ्यांनी अकरा वर्षं धीर धरला आणि ॲप वापरणाऱ्यांना चार तासही धीर धरवत नव्हता. यातून कोणाची नक्कल करायची, ते तुम्हीच ठरवा.

संत्र्याचा व्यापारी काय बघतो?

आपल्या आष्टी तालुक्यात ही गोष्ट कोणाला शिकवायची गरज नाही. संत्र्याचं कलम लावलं की दुसऱ्या वर्षी कोणी टोपली घेऊन झाडाखाली उभं राहत नाही. साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी बगीचा धरायला लागतो. तोवर आळं करा, पाणी द्या, डिंक्या सांभाळा.

आणि उभा बगीचा ठोक भावाने घेणारा व्यापारी बघा. तो पहिल्या ओळीतली दोन भरलेली झाडं बघून भाव सांगत नाही. आत शिरतो. मधल्या ओळी बघतो, पाण्याची सोय बघतो, गळ किती झाली ते जमिनीवर बघतो, मग बोलतो. पहिल्या ओळीला भुलणारा व्यापारी दोन बहारांत बसला म्हणून समजा!

खेळाडूचंही असंच. एक शतक म्हणजे पहिल्या ओळीतलं झाड. आत शिरायला हवं.

आता नावं: कोणाकडे लक्ष ठेवायचं?

आपलं सुदैव असं, की देशातली सगळ्यात चांगली रोपवाटिका आज आपल्याच विदर्भात आहे. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन रणजी करंडक विदर्भाने जिंकले. त्याआधीच्या साठ वर्षांत एकही नव्हता. हे एका रात्रीत झालेलं नाही.

हर्ष दुबे. डावखुरा फिरकी गोलंदाज. २०२४-२५ च्या रणजी हंगामात ६९ बळी. एका रणजी हंगामातला हा विक्रम आहे, आधीचा ६८ चा होता. वर ४७६ धावा. अशा खेळाडूला मी "दोन गल्ल्यांचं दुकान" म्हणतो. एका गल्ल्यावर गिऱ्हाईक नसेल, तर दुसरा चालू असतो. एवढं करूनही आयपीएलचं दार उघडलं, ते मे २०२५ मध्ये, हैदराबादच्या संघात बदली खेळाडू म्हणून, ३० लाखांत.

दानिश मालेवार. २०२४-२५ हा त्याचा पहिलाच रणजी हंगाम. जामठ्यावर केरळविरुद्ध अंतिम सामना, विदर्भ ३ बाद २४. एकवीस वर्षांचं पोरगं मैदानात उभं राहिलं, १५३ केले, दुसऱ्या डावात परत ७३. सामनावीर तोच. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये दुलीप करंडकात द्विशतक. मला त्याच्या १५३ पेक्षा ते "३ बाद २४" महत्त्वाचं वाटतं. सगळं सुरळीत असताना धावा करणारे पुष्कळ असतात. दुकानाला आग लागल्यावर कोण काय करतो, त्यावरून माणूस कळतो.

यश राठोड. हे नाव तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? २०२४-२५ च्या रणजीत संपूर्ण देशात सगळ्यात जास्त धावा याच्या, ९६०. सप्टेंबर २०२५ मध्ये दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात १९४. मधल्या फळीत येतो आणि गाजावाजा न करता काम करतो. ज्याचं काम मोठं आणि नाव लहान, त्याला आपल्या यादीत सगळ्यात वर ठेवा. बाजारातही असाच माल स्वस्तात मिळतो.

अथर्व तायडे. अकोल्याचा, सलामीचा फलंदाज. ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध १४३. विदर्भाने तो सामना ९३ धावांनी जिंकला. नवा चेहरा नाही, पण समोर तगडा संघ असताना केलेल्या धावांचं वजन वेगळं असतं.

दर्शन नळकांडे. आपल्या वर्ध्यात जन्मलेला वेगवान गोलंदाज. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध सलग चार चेंडूंत चार बळी! पण त्याआधीचं बघा. पंजाबच्या संघाने त्याला डिसेंबर २०१८ च्या लिलावात घेतलं आणि तीन हंगाम बाकावर बसवलं. पहिला आयपीएल सामना मिळाला २०२२ मध्ये, गुजरातकडून. गुण असणं एक आणि संधी मिळणं दुसरं. यादी करताना दोन्ही तपासा.

सौरभ दुबे. हाही वर्ध्याचा, डावखुरा वेगवान. २०२२ ला हैदराबादने २० लाखांत घेतलं आणि पाठीच्या दुखापतीने हंगामच गेला. वेगवान गोलंदाज घेताना शरीराची जोखीम गृहीत धरावीच लागते. म्हणून सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका. पाच जणांच्या यादीत वेगवान दोनच.

आणि मुलींकडे दुर्लक्ष करू नका. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून दोन टी-ट्वेंटी सामने खेळली आणि मग बाहेर गेली. लोक विसरले, ती विदर्भाकडून खेळत राहिली. मार्च २०२५ मध्ये महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरातकडून मुंबईविरुद्ध २५ चेंडूंत ६१! सहा वर्षं गप्प बसून केलेल्या कामाचा आवाज असा येतो.

किंमत वेगळी, मोल वेगळं

दोन उदाहरणं नीट वाचा. धंद्याच्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

जितेश शर्मा, अमरावतीचा. २०१६ मध्ये मुंबईने १० लाखांत घेतला, एकही सामना खेळवला नाही. त्यानंतर काही वर्षं आयपीएलमध्ये कोणी विचारलं नाही. २०२२ मध्ये पंजाबने २० लाखांत घेतला आणि तो खेळला. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात बंगळुरूने मोजले ११ कोटी. मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५, आणि त्याच हंगामात बंगळुरूचं पहिलं विजेतेपद. पुढे तो विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला, तो वेगळा विषय.

दुसरा शुभम दुबे, यवतमाळात जन्मलेला. डिसेंबर २०२३ मध्ये मूळ किंमत २० लाख, राजस्थानने घेतला ५ कोटी ८० लाखांत. सगळीकडे नाव झालं. पुढच्या लिलावात त्याच राजस्थानने त्याला परत घेतला, तेव्हा किंमत होती ८० लाख.

आता सांगा, शुभम एका वर्षात सातपट वाईट खेळाडू झाला का? नाही. आणि जितेश आठ वर्षांत शंभरपटीहून चांगला झाला का? तेही नाही. किंमत त्या दिवशीच्या खोलीतल्या गरजेवर ठरते. मोल मात्र रोजच्या कामात तयार होतं. तुमच्या मालाला आज भाव आला नाही म्हणून माल वाईट ठरत नाही, आणि एका सणाला दुप्पट भाव आला म्हणून कर्ज काढून दुसरं दुकान टाकायचं नाही.

माझ्या चार कसोट्या

खेळाडू निवडताना मी हे बघायला सांगतो:

१. हंगाम बघा, सामना नाही. किमान एक पूर्ण हंगाम. दोन असतील तर उत्तम.

२. धावा कुठे केल्या ते बघा. दुबळ्या संघाविरुद्ध, सपाट खेळपट्टीवर, का पडझड झाल्यावर?

३. संघात त्याची जागा पक्की आहे का? कितीही गुणी असो, बाकावर बसलेल्याला गुण मिळत नाहीत.

४. शरीर आणि वय. बावीसचा असेल तर चुका माफ. तिशी ओलांडलेल्याकडून आजचं काम मागा.

आता "खेळाडू" पुसून तिथे "धंदा" लिहा. पूर्ण वर्षाची विक्री बघा, दिवाळीच्या आठवड्याची नको. मंदीत काय होतं ते बघा. बाजारात तुमची जागा आहे का ते बघा. आणि तुमचं वय, तब्येत, घरची जबाबदारी यांना तो झेपेल का ते बघा. चारही ठिकाणी प्रामाणिक उत्तर आलं, तर पुढे जा.

बिनपैशाची लीग: हा घ्या आराखडा

नुसतं बोलून उपयोग नाही, करून बघा. सहा मित्र जमवा. एक वही घ्या. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येकाने देशांतर्गत क्रिकेटमधले पाच खेळाडू निवडायचे. अट एकच, भारताकडून खेळलेला चालणार नाही. एकाने घेतलेला दुसऱ्याला नाही. गुण सोपे ठेवा: एका धावेला एक, एका बळीला वीस. धावफलक मोबाइलवर फुकट मिळतात.

या हिशेबाने २०२४-२५ चा हंगाम मोजून बघा. यश राठोडचे ९६० धावांचे ९६० गुण. हर्ष दुबेचे ६९ बळींचे १,३८०, अधिक ४७६ धावा, एकूण १,८५६. बघा, देशात सगळ्यात जास्त धावा करणाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट! बातमीत शतकं दिसतात, वहीत खरं चित्र दिसतं. धंद्यातही वही ठेवणारा आणि न ठेवणारा यांच्यात एवढाच फरक असतो.

प्रवेश फी शून्य. मित्रामित्रांतही पैसे लावायचे नाहीत, पन्नास रुपयेसुद्धा नाही. हंगाम संपला की सगळ्यांनी मिळून तर्री-पोहे खायचे आणि जिंकणाऱ्याने आपली वही वाचून दाखवायची. कोणाला का घेतलं, काय चुकलं, काय बरोबर आलं. दुसऱ्या हंगामाला तीच पोरं पुढे चालू ठेवा, फक्त एक बदलायची मुभा. तिसऱ्या हंगामापर्यंत तुमची नजर कशी तयार होते ते बघा!

आणि ते ३,६२६ रुपये?

ते तुमच्याकडेच राहिले आहेत. उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही, म्हणजे ते सगळेच्या सगळे हाताशी. संत्र्याचं सरबत किंवा मार्मालेड करायचं मनात असेल, तर पहिल्या छोट्या खेपेच्या बाटल्या, साखर आणि लेबलं यांची सुरुवात तेवढ्यात होते. दहा ओळखीच्या घरी चव द्या, पाच अनोळखी दुकानांत ठेवून बघा आणि कोण परत मागतं ते लिहून ठेवा. मुद्राच्या शिशू कर्जाची मर्यादा ५० हजार आहे. पण बँकेत जाण्याआधी ही वही तयार हवी. साहेबांनी विचारलं, "माल खपेल कशावरून?" तर वही उघडून दाखवायची.

काही जण म्हणतील, "सर, एवढ्या छोट्या गावातून काय होणार?" खापरखेड्याच्या उमेश यादवचे वडील कोळसा खाणीत कामगार होते. २००८ मध्ये तो रणजी खेळला, नोव्हेंबर २०११ मध्ये भारताकडून कसोटी. विदर्भाचा पहिला कसोटीपटू. तो ॲपवर दिसायच्या आधी कोणीतरी त्याला मैदानावर चेंडू टाकताना बघितलं होतं आणि त्याच्यावर वेळ घातला होता. पैसे नंतर आले.

गावाचा आकार बघू नका, वहीची पानं किती भरली ते बघा.

या आठवड्याचं काम: पाच खेळाडू आणि एक धंदा, सहा नावं एका पानावर लिहा. प्रत्येकासमोर चार कसोट्यांची उत्तरं लिहा. पानाला तारीख टाका. आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला ते पान उघडा.

तोवर बगीच्याला पाणी देत राहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!